डबलसीट चढ

नवी स्कूटर दिसली की पुणेकर आधी विचारतो, ॲव्हरेज किती देते. मग डिकीत हेल्मेट मावतं का, वेटिंग किती आहे, आणि बोलायला आणखी काही उरलंच नसेल तर पिकअप कसा आहे. गाडीत ताकद किती, हे विचारायची वेळ सहसा येत नाही. कोथरूडहून डेक्कनला जायला ताकद लागते तरी किती? फिरोदियांनी १९७२ साली काढलेली ५० सीसीची लूनासुद्धा हा प्रवास विनातक्रार करायची, आणि पुलाच्या चढावर तिचा दम गेलाच तर पॅडल होतं. इंजिन थकलं की माणसानं पाय मारायचे, हा करार दोन्ही बाजूंनी इमानदारीत पाळला जायचा.

असा सपाटीवर मुरलेला हिशेब घेऊन आमचं घराणं इटलीतल्या जिनोआच्या चढाला लागलं.

भाची तिथे आयआयटीत संशोधन करते. ही आयआयटी म्हणजे इस्तितुतो इतालियानो दि तेक्नोलोजिया. तिची आजी सोसायटीत नुसतं ‘आयआयटी’ एवढंच सांगते. समोरच्यानं ‘पवई का?’ विचारलं तर ‘जरा पुढे’ म्हणते. ही संस्था मोरेगो नावाच्या टेकाडावर आहे, खाली दरीत बोल्झानेतो. भाचीची खोली वेगळ्याच टेकडीवर, कास्तेलेत्तोच्या वरच्या अंगाला. म्हणजे सकाळी एक डोंगर उतरायचा नि दुसरा चढायचा, संध्याकाळी तेच उलट. बस आहे, आगगाडी आहे, पण प्रयोग रात्री नऊला संपला तर वर कधी पोचायचं ते बसच्या मनावर. म्हणून स्कूटर.

मी तिच्याकडे जाऊन आलो होतो, त्यामुळे घरात जिनोआचा जाणकार मीच. समुद्र आणि ॲपेनाइन डोंगर यांनी आपापली जागा घेतल्यावर जे काही उरलं, त्यात हे शहर बसवलंय. बंदरापाशी थोडी सपाटी आहे, तीही जुन्या गल्ल्यांनी व्यापलेली. बाकी सगळं वर. पियाझ्झा पोर्तेल्लोपाशी डोंगरात आत शिरायचं, लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि बाहेर पडायचं ते थेट कास्तेलेत्तोच्या कठड्यापाशी. खाली सगळी कौलं, पलीकडे जहाजं. ही लिफ्ट कुणा इमारतीची नाही, गावाची आहे. शिवाय दोरानं ओढली जाणारी डोंगरगाडी आहे, ती रीगीपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० मीटर उंच जाते. जिथे सार्वजनिक वाहतूक म्हणून बसबरोबर लिफ्टही चालवावी लागते, त्या गावात स्कूटर घेताना रंगाचा विचार शेवटी करावा.

आणि त्या क्रेउझा! दोन्हीकडे बागांच्या उंच भिंती, मधोमध विटांची पट्टी, कडेनं गोट्यांची फरसबंदी, असा एक अरुंद बोळ सरळ डोंगरावर चढत जातो. कुठे दुचाकी जाते, कुठे वळण घेतलं की बोळाच्या पायऱ्या झालेल्या असतात.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विषय निघाला. ताईचं म्हणणं सरळ होतं. “पन्नासची घे. हळू जाते ना? मग झालं तर.” आईच्या हिशेबात ताकद कमी म्हणजे काळजी कमी. दाजींनी लगेच चेतक काढली. चेतकवर ते, ताई आणि दोन्ही मुलं असे चौघं महाबळेश्वरला गेले होते, पुढे मुलगी उभी, मध्ये मुलगा, मागे ताई, पायाशी पिशवी. “काही लागत नाही एवढी ताकदबिकद. गिअर वेळेवर टाकता आला पाहिजे.”

“पसरणी घाटात मी उतरून चालत होते, ते सांगा की तिला,” ताई म्हणाली.

दाजींच्या महाबळेश्वरात पसरणी घाट नाही. वाई संपली की एकदम पाचगणी.

तेवढ्यात आजीनं फोन ओढून घेतला. “व्हेस्पा आपल्या बारामतीला होते ना गं? मग तिकडून कशाला घेतेस?” आजीचं म्हणणं खरं आहे; पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा तयार होते. पण गंमत अशी, की जिनोआचा विमानतळ ज्या सेस्त्री पोनेंते भागात आहे, तिथेच १८८४ साली रिनाल्दो पियाज्जोनं जहाजांच्या आतलं लाकूडकाम करायचा कारखाना काढला होता. पुढे हे घराणं आगगाडीच्या डब्यांकडे वळलं, मग विमानांकडे, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांचा कारखाना बेचिराख झाल्यावर मुलगा एन्रिको स्कूटरकडे. कोरादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरनं ती आखली. या गृहस्थांना मोटारसायकल मनापासून आवडायची नाही, म्हणून त्यांनी कपडे मळणार नाहीत, साखळी असणारच नाही आणि गिअर हातात राहील अशी गाडी काढली. १९४६ ची ती पहिली व्हेस्पा ९८ सीसीची होती, ताकद जेमतेम ३ अश्वशक्ती. बजाजनं साठच्या दशकात व्हेस्पाच्याच परवान्यावर आकुर्डीला स्कूटरी बनवल्या, त्यातून पुढे चेतक आली. आपली लूनासुद्धा पियाज्जोच्या ‘चाव’ नावाच्या मोपेडवरूनच घेतलेली. थोडक्यात, आमच्या पार्किंगमध्ये आजवर जे जे उभं राहिलं त्याचं माहेर याच घराण्याचं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग ओळखीत स्वस्त देतील.”

आता ५० सीसीबद्दल. हा आकडा आला कुठून? मला आधी वाटायचं, कुणीतरी चढ मोजले असतील, माणसाचं वजन केलं असेल, आणि बसून गणित केलं असेल. तसं काही नाही. इटलीत कायदा झाला की ५० सीसीच्या वरच्या दुचाकीला परवाना आणि नंबरप्लेट हवी. मग १९६३ मध्ये पियाज्जोनं व्हेस्पा ५० बाजारात आणली. चौदा वर्षांचं पोर परवान्याशिवाय चालवू शकेल अशी गाडी. कायद्यानं रेघ मारली आणि इंजिन त्या रेघेच्या आत बसवलं. आजही तिकडे ५० सीसीच्या गाडीला ताशी ४५ किलोमीटरची वेसण आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी बिनगिअरची गाडी देतो ती ५० सीसीपर्यंतचीच. म्हणजे जगभर लहान स्कूटरचा आकार ठरतो तो वय, परवाना आणि विमा बघून. डोंगराला कुणी विचारलेलं नसतं. तो आपलं मत प्रत्यक्ष चढावर देतो.

इटलीत मोटारीचा परवाना असला की त्यावर १२५ सीसीपर्यंतची स्कूटर चालवता येते. भाचीकडे तो आहे, आणि तो तिनं कसा मिळवला हे मी पाहिलंय. भारतीय परवाना तिथे बदलून मिळत नाही, परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. लेखी परीक्षेत ३० विधानं, प्रत्येकापुढे खरं की खोटं, चुका फक्त ३ माफ, आणि सगळं इटालियनमध्ये. विधानंही अशी, की वाक्याच्या शेवटी एक ‘फक्त’ टाकून खऱ्याचं खोटं केलेलं. रोबोटवर लेख लिहिणारी मुलगी रात्र-रात्र ट्रॅमच्या अग्रहक्कावर डोकं फोडत होती. एवढा सायास करून शेवटी चौदा वर्षांच्या पोरांच्या गाडीवर बसायचं, हे मला पटेना.

पण भावनेवर ताई ऐकत नाही. म्हणून कागद घेतला.

गाडी, भाची, मागे बसलेली मैत्रीण आणि किराणा मिळून २५० किलो धरू. चढ दहा टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर रस्त्याला जवळजवळ १० मीटर वर. तिकडे यापेक्षा खडे रस्ते आहेत, पण गणितात उगाच भांडण नको. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर, म्हणजे दर सेकंदाला २५० किलो वजन ८३ सेंटिमीटर उचलायचं. याला सुमारे पावणेतीन अश्वशक्ती लागते. फक्त उचलायला, टायरचं घर्षण आणि समोरचा वारा अजून हिशेबात नाही. ५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन देतं सुमारे ३ अश्वशक्ती, आणि त्यातली बरीच पट्ट्यातच जिरते. म्हणजे डबलसीट चढावर गाडी ताशी २० ला येऊन रडत राहणार, आणि मागे बस हॉर्न देणार. १२५ च्या गाडीत दहा-अकरा अश्वशक्ती असते. ती त्याच चढावर पन्नासच्या आसपास आरामात ओढते. हळू जाणारी गाडी सुरक्षित, हे सपाटीवरचं शहाणपण. वळणाच्या चढावर सगळी रहदारी जिच्या अंगावरून ओव्हरटेक करते, ती सुरक्षित कशी?

ताईनं कागद पाहिला. म्हणाली, “मैत्रिणीला मागे घ्यायचंच कशाला?” यावर गणितात उत्तर नाही.

सीसीच्या पलीकडे आणखी एक गोष्ट असते, ती मी तिथल्या एका मेकॅनिककडे पाहिली होती. चढणीच्या रस्त्यालगतचं तळघरासारखं दुकान, आणि बाकावर एका स्कूटरचा व्हेरिएटर उघडून ठेवलेला. बिनगिअरच्या स्कूटरचं सगळं गुपित या वाटीत असतं. आत सहा छोटे रोलर, हाताच्या बोटाच्या पेराएवढे. इंजिन फिरायला लागलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची एक बाजू दाबतात, पट्टा वर सरकतो आणि गाडी जणू वरच्या गिअरमध्ये जाते. चढ लागला की मागची स्प्रिंग पट्ट्याला उलट खेचते आणि गिअर खाली येतो. दाजी जे पसरणी घाटात मनगटानं करत होते, ते हे सहा रोलर न बोलता करतात. मेकॅनिकनं एक रोलर माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूनं घासून सपाट झाला होता, त्यामुळे गडगडेना, नुसता पडून राहिला. असे रोलर असले की गाडी मध्येच अडकते, ओढत नाही, आणि मालक इंजिनाला शिव्या घालतो. थोडे हलके रोलर टाकले तर गाडी वरच्या गिअरमध्ये उशिरा जाते, चढाला बरी पडते, सपाटीवर जरा जास्त ओरडते. डोंगरात सेकंडहँड गाडी घ्यायची तर रंग, सीट, आरसे हे सगळं नंतर. आधी हे रोलर आणि पट्टा.

राहता राहिली व्हेस्पा की दुसरी? मनानं व्हेस्पा. ‘रोमन हॉलिडे’मध्ये ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक डबलसीट हिंडतात, त्यात एकदाही कुणाला उतरून चालावं लागत नाही, रोम सात टेकड्यांचं असूनही. पण व्हेस्पाची चाकं लहान, आणि जिनोआच्या फरसबंदीवर पाऊस पडून गेला की लहान चाक प्रत्येक गोट्याची विचारपूस करत जातं. तिथली जाणती माणसं मोठ्या चाकाची स्कूटर घेतात. म्हणून इटलीभर होंडाची एसएच एवढी दिसते. पियाज्जोची लिबर्टीही त्याच वाणाची, दिसायला साधी, पुढचं चाक १६ इंची. इलेक्ट्रिकचाही विचार झाला. तिचा जोर पहिल्या क्षणापासून असतो, चढाला उत्तमच. पण भाची राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बॅटरी खांद्यावर घेऊन वर जायला तिनं नकार दिला. गावाला लिफ्ट आहे, इमारतीला नाही, हा त्या शहराचा स्वभावच आहे.

चढाची चर्चा चालली की उतार विसरतो. चेतक उतारावर दुसऱ्यात टाकली की इंजिन थोडंफार धरून ठेवायचं. बिनगिअरच्या गाडीत वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून पुढे डिस्क हवीच, आणि मागचा ब्रेक दिवाळीच्या साफसफाईसारखा वर्षातून एकदा बघून चालत नाही.

शेवटी भाचीनं सेकंडहँड लिबर्टी घेतली, १२५ ची. रोलर नवे टाकून घेतले. आजीला फोटो पाठवला तर आजी म्हणाली, बारामतीची बरी होती. ताईनं मागच्या सीटकडे बोट दाखवून विचारलं, हे काढता येतं का.

आता अडचण फक्त पार्किंगची. चेतक पहिल्यात टाकून उभी केली की उतारावर जागची हलत नसे. हिला धरून ठेवायला गिअरच नाही. नाक उताराकडे करून साइड स्टँडवर लावली तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. म्हणून नाक चढाकडे आणि मधला स्टँड. पण तिच्या गल्लीत तेवढ्यानं भागत नाही. तिथे स्कूटरसाठी पांढऱ्या पट्ट्या आखल्यात, गाड्या एकमेकींना खेटून आडव्या लावतात, आणि सगळी गल्ली उतरती. वरची एक कलंडली की सगळी रांग ओळीनं खाली झुकते, आणि तळाशी जी असेल तिच्यावर सगळ्यांचं वजन. त्यामुळे रांगेतली वरची जागा मिळवणं महत्त्वाचं. ती सहाच्या आत भरते. भाची हल्ली प्रयोग लवकर आटोपते. गाइडना तिनं कारण वेगळं सांगितलंय.