पाच सेट, लाल पेनाने

मा. कनिष्ठ अभियंता साहेब,
(कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णा वाहते, काठावरचं कुठलंही धरा.)

विषय : संगणकातल्या अख्ख्या घराचे पाच सेट काढण्याबाबत.

सोमवारी आपल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. आत नुसत्या रेघा नव्हत्या, घर होतं. भिंत सरकवली की खिडकी सरकायची, विटा-सिमेंटचा हिशेब आपोआप बदलायचा. २०१९ च्या पुराची खूणही घातली होती. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, विसरला नसालच. पुन्हा तसं पाणी आलं तर कितव्या पायरीला लागेल, तेही दिसत होतं.

'हे बीआयएम आहे साहेब,' मी म्हणालो.

'कुठला बीम?' आपण विचारलंत. मग म्हणालात, 'ते राहू द्या. परवानगीला नकाशाचे पाच सेट आणा. प्रस्तावित बांधकाम लाल.'

आणला लाल पेन. दहा रुपयांचा. त्या सॉफ्टवेअरचं भाडं मात्र असं, की दर वर्षी एक नवी स्कूटर दारात आली असती.

गेल्याच महिन्यात एका परिसंवादात, या बीआयएममध्ये, म्हणजे इमारतीच्या माहितीभरल्या मॉडेलमध्ये, छोट्या गावांनी मागे राहू नये, असं ऐकून आलो होतो. दाखला नागपूर मेट्रोचा. खरं आहे, तिथे मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून फाइव्ह-डी केलं. पण ती मेट्रो बांधणारी महामेट्रो सरकारचीच! सिंगापूरने २०१० मध्ये फंड काढून प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, संगणक यांच्या खर्चाला हातभार लावला आणि २०१५ पासून ५,००० चौरस मीटरवरच्या इमारतींना मॉडेल सक्तीचं केलं. आधी पैसा, मग सक्ती. आम्हाला आधी दीपप्रज्वलन, मग समोसा, मग लाल पेन!

गुरुवारी सेट घेऊन आलो. आपण इकडेतिकडे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, 'ते भिंतीचं परत दाखवा बरं.' माउस हातात घेतलात. पाचच मिनिटांत म्हणालात, 'जिन्यात डोकं आपटतंय की हो, वर बीम आहे.' ते मला दिसलं नव्हतं. लॅपटॉपलाही नाही.

साहेब, बीम तुम्हाला कळतो. बीआयएम तुम्हाला कुणी दिलंच नाही. तुमच्या समोरच्या डब्यावर साधा नकाशा उघडेपर्यंत चहा गार होतो. शिकवायला कुणी आलं नाही, पण घरात पाणी शिरलं की नोटीस तुमच्याच नावाने निघणार. लाज कुणाला वाटायला हवी?

असो. जिना तुम्ही फूटभर मागे घेतलात, तो तिथेच ठेवतोय. पण तुमच्या कपाटातल्या पाच सेटमध्ये तो अजून पुढेच आहे. नवे पाच काढू का? लाल पेन संपत आलाय.

आपला,
फाइल क्रमांक अद्याप न मिळालेला