हातांचा उतारा किती?

जठारपेठेतल्या कोणत्याही सल्लागाराकडे डाळमिलच्या कर्जाचं प्रेझेंटेशन करायला टाका, पहिल्या स्लाइडवर दोन हात येणारच. सुटाच्या बाह्यांतले, गोरेपान, एकमेकांत घट्ट अडकलेले. मे महिन्यात पारा ४५च्या वर चढतो त्या अकोल्यात कोट घालून कोण कोणाशी हात मिळवतंय, हे विचारायचं नसतं. एक हात मिलमालकाचा म्हणावा, तर नखात कणभर चुरी नाही. दुसरा बँकेच्या साहेबांचा म्हणावा, तर कर्ज मंजूरच झालं की; मग पुढच्या स्लाइड कशाला? मनगटाच्या मागे माणूसच नसल्यामुळे हे हात जामीनदार म्हणूनही चालायचे नाहीत. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात जातात, बोटं दाबली जातात आणि बैलाचा भाव ठरतो. तो हात झाकलेला असून आकडा सांगतो. हे दोन हात भर पडद्यावर झळकतात आणि आकडा तेवढा झाकून ठेवतात.

आता डाळमिलचा सगळा जीव उताऱ्यात. क्विंटलभर तुरीतून ७०-७५ किलो डाळ पडते, बाकी चुरी आणि टरफल. दोन किलोचा फरक पडला की वर्षाचा नफा त्यातच जातो. तूर बाजारात येते हिवाळ्याच्या शेवटी आणि मिल चालवायची वर्षभर. म्हणजे मालात पैसा किती महिने अडकणार, हा दुसरा प्रश्न. एवढी दोन उत्तरं एका स्लाइडवर मावतात. पण तिथे काय असतं? तिरका केलेला, जाडजूड त्रिमितीय पाय चार्ट. तिरका केला की पुढची फोड आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि मागची आक्रसते. नफ्याची फोड पुढे, विजेच्या बिलाची मागे. याला सजावट नाही, राजेहो, मापात पाप म्हणतात. काट्यावर केलं तर दंड होतो, पडद्यावर केलं तर टाळ्या पडतात.

यावर ठरलेलं उत्तर असं, की जे दिसतं तेच खपतं, नुसत्या आकड्यांनी साहेबांना झोप येते. खरं आहे. म्हणूनच बॅलन्सशीट जशीच्या तशी मुंगीएवढ्या अक्षरांत पडद्यावर चिकटवणारे हिशेबनीसही तितकेच दोषी. पण मांडणी म्हणजे रंग नव्हे. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं तेव्हा त्यात रंग नव्हताच, काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका निघायच्या. मांडणी म्हणजे काय मोठं लिहायचं आणि काय बारीक, हे ठरवणं. आणि ते ठरवायला आधी विषय कळावा लागतो. कोलंबिया अंतराळयानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला, त्याबद्दलची एक स्लाइड नंतर चौकशी अहवालात गाजली. प्रत्यक्षातला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा होता. ही गोष्ट होती सगळ्यात खालच्या ओळीत. वर दिलासा देणारं शीर्षक. १ फेब्रुवारी २००३ला यान परतताना तुटलं, सात अंतराळवीर गेले. त्या स्लाइडवर शब्दांची कमतरता नव्हती. मोठं काय, तेच चुकलं होतं.

डाळमिलनं कोणाचा जीव जात नाही, हा पुढचा युक्तिवाद. नाही जात. घर मात्र जातं. कर्जाला तारण बापाचं असतं, फॉन्ट सल्लागाराचा असतो, आणि हप्ता थकला की नोटीस येते ती साध्या काळ्या अक्षरांत, रक्कम अगदी ठळक. वसुली करताना बरोबर समजतं की मोठं काय छापायचं! मंजुरीच्या वेळी ही अक्कल कुठे जाते? तेव्हा मॅनेजर साहेब, पुढच्या वेळी खोलीतले दिवे घालवायच्या आधी अर्जदाराला उतारा विचारा. त्यानं सांगितला, तर पडदा लावायची गरज नाही. नाही सांगितला, तरीही नाही.