थांबण्याची हौस

वेगाची हौस असलेला माणूस पहिला मोठा खर्च थांबण्यावर करतो, हे मला आमच्या पुतण्यामुळे कळलं. आठवडाभर त्याची गाडी हिंजवडीच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये उसासे टाकत असते. पण वर्षातून कधीमधी तो तीच गाडी घेऊन हजार-बाराशे किलोमीटरवरच्या कोइमतूरला जातो. तिथं कारी मोटर स्पीडवे हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २००३ साली सुरू झालेला. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि जिथून निघालो तिथंच शक्य तितक्या लवकर परत यायचं, असा तो खेळ. गोल फिरण्यासाठी इतक्या लांब जाणारं आमच्या घराण्यात याआधी कुणी झालं नाही. पंढरपूरला गेलेले होते, पण ते एका प्रदक्षिणेत समाधान पावून घरी आले.

तर हा पुतण्या मध्यंतरी ब्रेक पॅड निवडत होता. रविवारी दुपारी जेवण झालं की तो वामकुक्षीच्या माझ्या हक्काच्या वेळेला येऊन बसायचा आणि म्हणायचा, “काका, असा पॅड पाहिजे की जो रोज ऑफिसलाही चालेल आणि ट्रॅकवरही टिकेल.” मी डोळे मिटूनच हुंकार भरायचो. ज्याला सगळ्यांशी सगळीकडे जमवून घेता येतं असा माणूसही मला अजून भेटलेला नाही, पण हे त्याला सांगून उपयोग नसायचा.

पॅड म्हणजे दिसायला अगदीच सामान्य वस्तू. तळहातावर मावणारी पोलादी पट्टी आणि तिच्यावर दाबून बसवलेला काळपट थर. त्यात राळ, तंतू, धातूचा चुरा, ग्राफाइट असं बरंच काही कालवलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनी आपलं प्रमाण जुन्या वैद्यांच्या निष्ठेनं लपवून ठेवते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून चालत्या गाडीच्या अंगातला वेग उष्णता करून टाकायचा, एवढंच याचं काम. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली तर जी उष्णता निघते तिच्यात जवळजवळ दीड लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणजे ट्रॅकवर हा पोरगा प्रत्येक वळणाच्या तोंडाशी चहाचं आधण ठेवतो, मिनिटाला दोन-तीन वेळा, आणि चहा मात्र कुणालाच मिळत नाही.

पॅडच्या स्वभावातली गंमत इथून सुरू होते. रस्त्यासाठी केलेला पॅड सकाळी गार असतानाही पहिल्या दाबाला हजर होतो. आवाज नाही, तक्रार नाही. पण फार तापवला की त्यातली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पायाखालचं पेडल दगडासारखं घट्ट असूनही गाडी पुढेच जात राहते. ट्रॅकच्या पॅडची तऱ्हा उलटी. तो सवाई गंधर्वच्या रात्री उशिरा बसणाऱ्या गवयासारखा. सुरुवातीला घसा खाकरेल, नुसताच आ लावेल, ऐकणारे घड्याळ बघतील. पण एकदा तापला की मग त्याला तोड नाही. अशा गवयाला सकाळी साडेआठला विद्यापीठ चौकात, रिक्षा अचानक आडवी आली म्हणून, पहिल्याच क्षणी तान घ्यायला सांगायचं? तो घेत नाही. वर प्रत्येक सिग्नलला अंगावर काटा येईल अशी किंकाळी फोडतो, चाकांवर काजळी धरतो आणि डिस्क लवकर झिजवतो. पुतण्याच्या एका मित्रानं असले पॅड बसवले तेव्हा सोसायटीचा वॉचमन फाटकाशी गाडी दिसायच्या आधीच उठून उभा राहू लागला. एरवी त्याला उठवायला तीनदा हॉर्न द्यावा लागे, तेव्हा हा फायदाही हिशेबात धरायला हवा.

ब्रेकचा इतिहास वाचताना माझी झोप मात्र खरोखरच उडाली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्झहाइमला आपल्या आईकडे निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, मोटारीनं इतक्या लांब तोवर कुणीच गेलेलं नव्हतं. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून बोलेनासे झाले, तेव्हा तिनं वाटेत एका मोच्याला गाठलं आणि त्या लाकडावर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचं पहिलं ब्रेक लायनिंग ते हेच असं मानतात. म्हणजे या सगळ्या विद्येचा उगम माहेरच्या ओढीत आहे. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “पण काका, त्या चामड्याला किती डिग्री चालत होतं?” पुढं इंग्लंडात, डर्बीशरच्या डोंगराळ मुलखात, हर्बर्ट फ्रूडनं शेतकऱ्यांना उतारावर गाड्यांच्या चाकांना जुने बूट दाबून धरताना पाहिलं, आणि १८९७ मध्ये तो ब्रेकसाठी याहून बरा पदार्थ करण्याच्या मागे लागला. फेरोडो कंपनी त्यातून उभी राहिली. १९५३ साली तर ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली ती नव्या डिस्क ब्रेकच्या जोरावर. बाकीचे आधी ब्रेक मारत, हे उशिरा मारत. शर्यत जिंकायला उशिरा थांबण्याचं धैर्य लागतं, आणि ते धैर्य चाकापाशी बसवून घ्यावं लागतं.

आमच्या लहानपणी थांबण्याची व्यवस्था डोळ्यांना दिसायची. घाटात चढावर ट्रक अडला की क्लीनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा. ट्रक पुढे निघून जायचा आणि दगड रस्त्याच्या मधोमध तसाच, पुढच्या गाडीचं कल्याण चिंतत. एस. टी. चा ड्रायव्हर उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला गुरगुरायला लावायचा, ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही, म्हणजे पाय. आणि बोर घाटातली रेल्वे तर अजूनही मला मोठी तत्त्वज्ञ वाटते. ३७ फुटांमागे एक फूट असा तो उतार. खंडाळ्याकडून कर्जतला उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकुरवाडी अशा ठिकाणी थांबते. तिथं कुणी चढायचं नसतं, कुणी उतरायचं नसतं. थांबता येतं की नाही, हे पाहण्यासाठीच थांबायचं. नाहीच थांबली, तर तिला वळवून घ्यायला बाजूला चढाची एक आडलाइन ठेवलेली आहे. लहानपणी मला वाटायचं, गाडी तिथं माकडं बघायला थांबते.

नवे पॅड बसवले म्हणजे झालं, असंही नाही. त्यांना डिस्कची सवय लावावी लागते. बऱ्यापैकी वेगात जायचं, ब्रेक दाबून वेग खाली आणायचा, पण पुरतं थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, आणि मग शांतपणे चालवत सगळं गार होऊ द्यायचं. त्यात पॅडचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढं पॅड घासतो तो बराचसा स्वतःच्याच त्या थरावर. यासाठी रिकामा रस्ता लागतो. पुण्यात तो पहाटे चारला मिळतो, आणि त्या वेळी उगाच वेग घेणाऱ्या नि उगाच कमी करणाऱ्या गाडीकडे पोलीस फार आस्थेनं बघतात. “काय चाललंय?” या प्रश्नाला “ब्रेक बसवतोय” हे खरं उत्तर आहे, पण पहाटे चारला खऱ्या उत्तरांचं वजन कमी पडतं.

माझं मत विचाराल तर दोन्हीकडे चालणारा पॅड दोन्हीकडे थोडा थोडा चालतो. पुतण्यानं शेवटी दोन जोड घेतले. रस्त्याचे गाडीला आणि ट्रॅकचे डिकीत, कोइमतूरला पोचल्यावर बदलायचे. हे मला पटलं. पण त्याआधी मी त्याला ब्रेक ऑइल बदलायला लावलं, कारण पॅडच्या चर्चेत त्या बिचाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. ते हवेतला ओलावा पीत असतं आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात रडतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्याची हमी १५५ अंशांवर येते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. मग पॅड कितीही महागाचा असो, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. तेव्हा ट्रॅकवर तुम्ही जा अथवा जाऊ नका. वरंधा किंवा आंबोली उतरायचा बेत असेल, तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या पुस्तकात बघा. दोन वर्षं उलटली असतील तर आधी ते बदलून घ्या.