खोलीत एकट्यालाच थंडी वाजणाऱ्या गृहस्थास

श्री. रूम सेन्सर,
मुक्काम फिल्टरच्या जाळीमागे, कॉइलच्या अंगणात,
आमची बेडरूम, नागपूर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या नवतप्यात बाहेर 45 अंश आणि आमच्या खोलीत 33 अंश तापमान असताना आपण मात्र 19 अंशांच्या गुलाबी थंडीत बसला होतात. आम्हा विदर्भवासीयांना तेवढ्या गारव्यासाठी चिखलदऱ्याचा घाट चढावा लागतो, आणि तोही पावसाळ्यात. आपल्याला तो भिंतीवर बसल्याजागी मिळाला. ही विद्या आपण कुठे शिकलात ते कळलं असतं तर सगळ्या कुटुंबाने शिकून घेतली असती आणि एसी ओएलएक्सवर टाकला असता.

आपला अधःपात हळूहळू झाला, म्हणून तो लक्षातच आला नाही. मार्चमध्ये 24 वर पुरेसं गार होईना, तेव्हा आम्ही रिमोटवर 22 केलं. एप्रिलमध्ये 19. काही घरांतलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आणि सगळे मनातल्या मनात दहा वजा करून जगतात, तशी आम्हालाही सवय लागली. मे उजाडला तेव्हा आम्ही 16 वर होतो. समोरच्या फ्लॅटमधले काका वाटीभर साखर परत करायला आले, रिमोट पाहिला आणि म्हणाले, "सोळा? अरे, सरकार कंठशोष करून चोवीस सांगतंय ना!" सरकार सांगतंय हे खरं. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचा नवा एसी चालू केला की तो आपोआप 24 वर यावा असा नियम आहे, आणि अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. पण ते 24 मोजायचे कुणी, तर आपण! मे महिन्याचं बिल कमी आलं तेव्हा सौभाग्यवतींनी शिरा केला होता. बिल कशाने कमी आलं ते आता कळतंय: कॉम्प्रेसर दिवसाचा बराच वेळ सुट्टीवर होता.

मग ती रात्र आली. रिमोटवर 16, मुलीच्या टेबलावरच्या थर्मामीटरवाल्या घड्याळात 30, आणि बाहेरच्या युनिटचा आवाज बंद. सोळाच्या खाली आकडाच नाही. 24 लावलं तर कॉम्प्रेसर सुरूच होईना, आतला पंखा नुसती गरम हवा ढवळत राहिला. खोलीत 16 अंश आहेत असं आपण सांगितलंत आणि त्या दीड टनाच्या धुडाने ते मुकाट ऐकलं. दीड टन म्हणजे दिवसभरात दीड टन बर्फ वितळवताना जेवढी उष्णता शोषली जाईल, तेवढी ओढून बाहेर टाकण्याची ताकद. एवढा पैलवान, पण चालतो तो ज्वारीच्या दाण्याएवढ्या काळ्या मण्याच्या सांगण्यावर.

आळ मात्र सगळा दुसऱ्यांवर आला. पहिले मेकॅनिक भाऊ आले, त्यांनी फिल्टरलासुद्धा हात लावला नाही. जिन्यातूनच म्हणाले, "गॅस कमी झाला असंल, काकाजी." गॅस हे या धंद्यातलं पित्त आहे. डोकं दुखो की पाय, वैद्यबुवा पित्तच म्हणणार. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कुठेतरी गळती असते. ती शोधायला जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे असतात. फेसाचं नाव निघालं नाही. 2,800 रुपयांचा गॅस गेला, भाऊंनी चोवीसचं सोळा केलं, झडपेसमोर माझा हात धरला आणि म्हणाले, "बघा, बरफ!" बरफ होताच. पहिली काही मिनिटं तो आधीही असायचा. चहा पिऊन ते गेले आणि आपल्या हुकुमावरून कॉम्प्रेसरही गेला.

दुसऱ्या मेकॅनिकनी कार्ड, म्हणजे पीसीबी, गेल्याचं सांगितलं. नवीन पीसीबी 6,500. कार्ड बिचारं निर्दोष होतं. त्याच्या कानात जे सांगितलं गेलं ते ऐकून त्याने चोख काम केलं होतं. आमच्या कार्यालयातल्या अनेक कारकुनांना याच गुन्ह्यासाठी मेमो मिळालेले आहेत.

तिसरा आला तो जेमतेम विशीतला पोरगा. आधी त्याने मलाच विचारलं, "काकाजी, तुम्ही एसी स्वतः धुतला काय?" (या कबुलीजबाबाकडे नंतर येतो.) मग चहाचा कप हातात घेतला, जाळी काढली, आपल्याला क्लिपमधून अलगद सोडवलं आणि गरम कपाच्या अंगाला टेकवून धरलं. रिमोट 24 वर. आम्ही सगळे उभे. काही होईना. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "तीन मिनटं थांबा." कॉम्प्रेसर लगेच लगेच सुरू होऊ नये म्हणून कार्डातच ती खोटी ठेवलेली असते. इतका गंभीर चहा आमच्या घरात कधी प्यायला गेला नव्हता. आणि मग टक! बाल्कनीत युनिट घुमू लागलं. गॅस तोच, कार्ड तेच, फक्त आपल्याला चटका बसला होता.

त्याने मेन स्विच पाडला, सगळं पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, मग आपली वायर कार्डावरून उपटली आणि मल्टिमीटर लावला. आपल्या कुळाची रीत अशी की ऊन वाढलं की विजेला विरोध कमी. 1833 साली फॅरडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये ही उलटी चाल दिसली होती, नाहीतर तापलेली तांब्याची तार विरोध वाढवते. आपण मँगनीज-निकेलच्या ऑक्साइडांचे भाजलेले मणी. आमच्या मॉडेलमध्ये 25 अंशांना 10 हजार ओहम दाखवणं हे आपलं कर्तव्य, आणि 33 अंशांना सुमारे 7 हजार. आपण 13 हजार दाखवलंत! पोराने कनेक्टरवरचा हिरवट गंज खरवडून पुन्हा पाहिलं, तरी 13. शेजारी कॉइलच्या तांब्याच्या खोबणीत आपला धाकटा भाऊ बसतो, कॉइल गोठते का ते पाहायला. एसी तेव्हापासून बंदच, म्हणजे दोघांनाही तीच हवा. त्याने 7.1 सांगितलं. एकाच घरातले दोन भाऊ, आणि साक्षीत 14 अंशांचा फरक.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आपली तार तुटली असती, किंवा आतून शॉर्ट झाला असतात, तर कार्डाने तत्काळ बोंब मारली असती. पॅनेलवर एरर कोड लुकलुकला असता आणि पहिल्याच दिवशी आपल्या जागी दुसरा आला असता. आपण तसं काही केलं नाहीत. रोज थोडं थोडं, पटेल इतकंच खोटं बोलत राहिलात. 19 अंश हे तापमान कार्डाच्या दृष्टीने अगदी सभ्य, त्यात संशय घ्यावा असं काय? मेलेल्याचा पंचनामा होतो, पण हजेरीपटावर सही करून दिवसभर खोटे आकडे भरणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. हे वाक्य लिहिताना मला काही ओळखीचे चेहरे आठवले, पण तो या पत्राचा विषय नाही.

आता कबुलीजबाब. फेब्रुवारीत व्हिडिओ पाहून मी स्वतः एसी धुतला. बागेच्या पाइपाने, यथेच्छ. आपल्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा असं त्या व्हिडिओत सांगितलं होतं, पण तेवढ्यात जाहिरात लागली. आपल्या कातडीतून ओल आत शिरली असावी, आणि तीच पुढे बोलत राहिली. तेव्हा आपल्या खोटेपणाचा पाणीपुरवठा माझाच, हे मान्य.

आपल्या जागी 180 रुपयांचा नवा मणी नेमला आहे. पोराने आधी विचारलं, "दहा हजारवाला की पाचवाला?" चुकीचा बसवला तर नवीन साहेब पहिल्या दिवसापासून खोटं बोलतील, म्हणून आम्ही जुना कागद शोधला. कागद सापडला, सौभाग्यवतींच्या फायलीत, शिऱ्याच्या पाककृतीमागे. नव्याची वायर त्याने थोडी खाली वळवून क्लिपमध्ये घट्ट बसवली. गार कॉइलला टेकला तर चांगला सेन्सरही थंडीच सांगतो म्हणे.

आपला,
एके काळचा 16 वाला

ता. क. : आपल्याला टाकलेलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलं आहे. परवा बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिलं. शून्य अंशांना 33 हजारांच्या आसपास यायला हवं होतं, आपण 60 च्याही पुढे गेलात. आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही. ती हॉलमध्ये कूलरच्या टाकीत बादलीने पाणी भरत होती, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून झाल्या होत्या.