कंसाबाहेरची फट

गणितातील सर्वांत तातडीचा प्रश्न सुटला आहे, हे फोंडाघाटवासीयांस कळवताना आनंद होतो. आपल्याच ग्रंथाची कुरूप प्रुफे पाहून डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली हाती घेतली. तिच्यात 'लेफ्ट' आणि 'राइट' अशा आज्ञा दिल्या की कंस आतल्या मजकुराच्या उंचीइतके वाढतात. मात्र 'साइन' हे फलन आणि त्यानंतरचा असा कंस यांच्यामध्ये नको असलेली फट पडते. दहा पॉइंटच्या टंकात सुमारे ०.६ मिलिमीटर! या फटीतून किती पिढ्या घसरून नापास झाल्या असतील, देव जाणे. उपाय सोपा आहे: कंसाआधी 'मॅथओपन' नावाचे एक रिकामे पद बसवायचे. रिकामे पद भरले की काम उरकते, हे सरकारी कचेऱ्यांना नव्याने शिकवायला नको. सूत्र बरोबर आहे की नाही, ते सवडीने पाहता येईल.

हीच शिस्त घाटालाही लावावी, अशी नम्र सूचना. फोंड्याहून दाजीपूरला चढताना एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. लेफ्ट-राइट तयारच आहेत. वळणावर एसटी आणि ट्रक समोरासमोर येतात. वाहक खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' करत पत्र्यापत्र्यांतली फट डोळ्यांनी मोजतो. ०.६ मिलिमीटर उरली, तर ती अवाजवी समजून तत्काळ काढून टाकावी. पावसाळ्यात दरडी हे काम विनानिविदा करतातच. त्यांना फक्त कार्योत्तर मंजुरी हवी.