सिंगापूरकर

प्रत्येक सोसायटीत एक असतोच. तुमच्याकडचा दुबईकर असेल, नाहीतर बोस्टनकर. आमच्याकडचा सिंगापूरकर. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. 2019च्या ऑगस्टात हे गृहस्थ डिजिटल माध्यमांतल्या नव्या ट्रेंडवर बोलायला ऑफिसच्या खर्चाने सिंगापूरला जाऊन आले. भाषण बारा मिनिटांचं. आम्ही ते अजून ऐकतोय.

जाताना गळा मोकळा होता. येताना त्यात निळी पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर नाव आणि नावाखाली ठळक अक्षरांत ‘स्पीकर’. रात्री अडीचला टॅक्सीतून उतरले तेव्हा ती गळ्यात होती. ठीक आहे, प्रवासात माणूस विसरतो. पण सकाळी दूध आणायला आले तेव्हाही होती. गणपतीत मंडळाची पोरं थेट दारात उभी: “काका, स्पीकर तुमच्याकडे आहे म्हणे. दहा दिवसांचं भाडं किती?” यांनी पोरांना आत बसवून चाळीस मिनिटं तरुण प्रेक्षक आणि मोबाइलचा पडदा समजावला. पोरं बाहेर येऊन म्हणाली, “आवाज चांगलाय, बंद करायचं बटण सापडत नाही.”

पुढे पितृपक्ष आला. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी म्हणाले, “अपसव्य करा.” यांनी जानव्याबरोबर पट्टीही उजव्या खांद्यावर घेतली. गुरुजींनी हरकत घेतली नाही. दक्षिणा अजून मिळायची होती.

सिंगापूरच्या वर्णनापासून मी तुम्हाला वाचवतो. चांगी विमानतळाला लागून काचेच्या छताखाली चाळीस मीटरचा धबधबा आहे, एवढं पुरे. तो मी किमान साठ वेळा पाहिला, एकदाही न जाता. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही यांनी सोडलं नाही. तिकडे 1992पासून च्युइंगगमच्या विक्रीवर बंदी आहे, हे त्याला सुनावलं. तो विचारात पडला. “मग सुट्ट्याऐवजी काय देतात?”

भाषणाचं सार एका ओळीचं होतं: लोक आता वाचत नाहीत, बघतात, पुढचा जमाना छोट्या, उभ्या व्हिडिओचा. (लोक आपल्याकडे व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात, याचा आकडा दोन वर्षं फुगलेला दिसत होता, असं फेसबुकने 2016मध्ये स्वतःच कबूल केलं होतं. पण परिषदेत टाळ्या आकड्याला पडतात, कबुलीला नाही.) साहेब मंडळी खूश झाली. लिहिणारे चौघे घरी गेले, त्यांच्या जागी एक गोल दिवा आणि एक तिपाई आली. बातम्या टिकटॉकवर सुरू झाल्या. यांना बढती मिळाली. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी पट्टी कपाटात कोंबली आणि आम्ही सुटलो.

29 जून 2020ला सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉक त्यात होतं. आम्ही त्या रात्री गॅलरीत उभे राहून पोट धरून हसलो, हे लपवण्यात अर्थ नाही. महिन्याभरात पट्टी पुन्हा गळ्यात दिसली, मास्कच्या खाली. कुणीतरी म्हणालं, “स्पीकर दुरुस्त होऊन आला.” आम्ही पुन्हा हसलो.

कारण मला वर्षभराने कळलं, तेही वहिनींकडून. सगळा विभागच बंद झाला होता. व्हिडिओ कॉलवर सहा मिनिटांत निरोप, आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला लॅपटॉप आणि ऑफिसचं ओळखपत्र घ्यायला दारात. “बावीस वर्षं रोज सकाळी गळ्यात कार्ड घालायची सवय हो,” वहिनी म्हणाल्या. “मग कपाटातनं हे काढलं. मी पण काही बोलले नाही.”

ज्या चौघांना यांच्या बारा मिनिटांनी घरी पाठवलं, त्यांच्या कपाटात असं कुठलं कार्ड नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. बहुतेक तेही विसरलेले नाहीत. त्यातल्या एकाचा मुलगा दहावीत होता, त्याला यांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी गणित शिकवलं. फुकट. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ज्या माणसाने आम्हाला धबधबा साठ वेळा दाखवला, त्याने.

हल्ली ते तळमजल्यावरच्या आजींचं वीजबिल मोबाइलवरून भरून देतात, सोसायटीच्या ग्रुपवर आलेली खोटी बातमी सगळ्यांत आधी पकडतात, आणि स्वतः मात्र रोज चार कागदी वर्तमानपत्रं वाचतात. कार्डावरची अक्षरं उडालीत; नाव गेलं, पट्टीचा निळा रंग तेवढा शिल्लक आहे.

सकाळी सव्वासातला ते दूधकेंद्रापाशी असतात. कधी आमच्या बाजूला आलात, तर एकदा विचारा, “सिंगापूरला काय बोललात हो तुम्ही?” बारा मिनिटं जातील. फार तर चाळीस.