फॉरेनचे तात्या

हायवेवरच्या प्रत्येक गावात एक फॉरेनचे तात्या असतात. शिवऱ्याचे आमच्या वाट्याला आलेत. शिरवळच्या कारखान्यात होते तेव्हा कंपनीनं नवं मशीन शिकायला त्यांना चीनला धाडलं. येताना हाँगकाँगला विमान बदललं की चुकलं, याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण त्या सकाळी तिथल्या गल्लीतल्या बेकरीत तात्यांनी एग टार्ट खाल्ला आणि इकडे आमच्या खारीचे दिवस भरले.

रोज सकाळी तात्या बेकरीच्या बाकड्यावर. खारी उचलतात, उजेडात धरतात, दोन बोटांनी दाबतात. “पदर सुटलेत, पण जीव नाही.” टार्टचं कवच दोन तऱ्हेचं असतं, हे आता अंगणवाडीतली पोरंही सांगतील. एक ठिसूळ, बिस्किटाच्या जातीचं, दुसरं पापुद्र्यांचं. तात्या कट्टर पापुद्रावादी. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर क्रिस पॅटन हे ताई चाँग बेकरीच्या टार्टचे भोक्ते, आणि तो टार्ट ठिसूळ पक्षातला. “तरीच १९९७ ला राज्य गेलं,” तात्या म्हणतात.

२०१४ साली हाँगकाँगनं टार्ट बनवायची कला आपल्या वारशाच्या यादीत घातली. तात्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडला. सरपंचांनी तो शिताफीनं पाणीपट्टीकडे वळवला.

मग हाँगकाँगचा बन. वर साखर-लोण्याचा भेगाळलेला थर, गरम बन मधोमध चिरून आत थंडगार लोण्याची जाड चकती.

“म्हंजी मस्काबनच की वो तात्या!” बेकरीवाला म्हणतो.

तात्या खिन्न हसतात. ते हसू परदेशी जाऊन आल्याशिवाय जमत नाही.

खरी अडचण घरची. काकू माळकरी, आळंदी-पंढरी न चुकवणाऱ्या. त्यामुळे बेकरीत अंड्याचा असलेला टार्ट उंबऱ्याच्या आत दुधाचा होतो. तिथल्या काही बनांत डुकराचं गोडसर मांस भरतात, ही माहिती तर तात्या बेकरीतसुद्धा इकडेतिकडे बघूनच देतात.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं पुण्याहून टार्टचं खोकं आणलं. आम्हीही जमलो होतो. तात्यांनी चष्मा लावला. “वर काळे डाग आहेत. हा पोर्तुगीज वळणाचा, मकाववाल्यांचा. हाँगकाँगचा कसा गुळगुळीत, पिवळाधमक!” एवढा निकाल देऊन त्यांनी चार टार्ट तपासणीसाठी संपवले. पाचवा काकूंना, “दुधाचाच आहे गं,” म्हणून प्रेमानं पुढे केला.

काकूंनी तो घेतला नाही. आधी खोकं नातवाच्या हातात दिलं. शाळेत हिरवी खूण कुठली, तपकिरी कुठली, हे त्याला नुकतंच शिकवलं होतं. त्यानं मोठ्यानं सांगितलं.

आता तात्या बेकरीत संध्याकाळीही असतात.